लक्ष्मीनारायणाच्या दारातली रांग

नवसावर माझा कधीच विश्वास नव्हता. पण कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं, आणि त्याच आठवड्यात आम्ही हिमालयातला चंबा जिल्हा बघायला निघणार होतो. हुकलेल्या सहलीचे फोटो फोनवर बघताना मी चंब्याच्या लक्ष्मीनारायणाला म्हटलं, "ह्यांना वाचव. ह्यांच्या स्वतःच्या पायांनी तुझ्या दारात आणीन." इतक्या लांबून ऐकू गेलं असेल का, ही शंका होतीच.

हे वाचले. पुढच्या वर्षी आम्ही चंब्याला पोचलो. पण संग्रहालयात दोन्ही बाजूंनी सारखेच दिसणारे भरतकामाचे रुमाल, जुन्या पाणवठ्यांचे कोरीव दगड, प्रत्येकाखालची पाटी ह्यांनी वाचून काढली. देवळात पोचलो तेव्हा दुपारी दार लावायची वेळ झाली होती, आणि परतीची गाडी बाहेर ताटकळत होती. देवळाच्या दगडी शिखरांवर बर्फ अडवायला बसवलेल्या लाकडी छत्र्या फार सुंदर म्हणतात. मी काही पाहिल्या नाहीत, कारण हे रांगेत उभे होते.

उभा जन्म इंग्लंडात काढलेला माणूस रांगेतही पुढच्यापासून हातभर लांब उभा राहतो. त्या हातभर जागेत आधी एक कुटुंब शिरलं, मग नवरा-नवरीसकट आख्खं वऱ्हाड.

"अहो, सरका ना पुढे!"

"अगं, त्यांना घाई दिसतेय." आणि वर हसून, "प्लीज, आफ्टर यू."

पुजारी दाराकडे वळला आणि मला रडूच कोसळलं. देवा, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच बघ, असं मनात म्हणतेय तोच मागे बांगड्या वाजल्या. एका धिप्पाड पहाडी आजींनी दोन्ही तळहात ह्यांच्या पाठीवर टेकवले. "चलो जी, चलो!" म्हणत त्यांनी ह्यांना जे ढकललं ते थेट उंबरठ्यापर्यंत. वाटेत हे दोन्हीकडे "सॉरी, सॉरी" करत होते. इतक्या कळकळीचं नामस्मरण मी आजवर ऐकलेलं नाही.

ह्यांनी देवाकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "थँक यू हं." मला हुंदका आवरेना. आजी तोवर प्रसाद कमी दिला म्हणून पुजाऱ्याशी भांडत होत्या.

नवस फिटला का? पाय ह्यांचेच होते, जोर तेवढा दुसऱ्याचा. त्या ऑपरेशनपासून माझंही तसंच चाललं होतं, पाय माझे आणि जोर देवाचा, फक्त मला ते कळलं नव्हतं.

आताही कॉव्हेंट्रीत बसच्या रांगेत हे हातभर लांबच उभे राहतात. मी मागून त्यांच्या पाठीवर तळहात टेकवते. ढकलत नाही. हाताला ठोके लागतात, आणि माझं दर्शन होतं.