मोघ्यांचा चार नंबर

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकमध्ये स्वयंपाकघराची खिडकी थेट कॉरिडॉरमध्ये उघडते. त्यामुळे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही, पोळ्या लाटता लाटता आपोआप साठत जातात. आमचे हे म्हणतात, "तू सारखी खिडकीत असतेस!" आता गॅसच तिथे आहे, त्याला मी काय करू? त्यातले निम्मे किस्से शेजारच्या मोघ्यांच्या बेसबॉलचे.

*

मोघे अकाउंटंट. आधी अमेरिकेत होते, तिथून एका व्यावसायिक बेसबॉल संघाची भक्तीच घेऊन आले. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर हॉलच्या भिंतीवर ओळीने फोटो, प्रत्येकाखाली एकेक आकडा. मला वाटलं, ह्यांच्या जुन्या ऑफिसातले गेलेले लोक असतील. मी हात जोडले.

"फारच तरुण होते हो सगळे. काय झालं?"

"रिटायर झाले, वहिनी! जिवंत आहेत!"

मग कळलं. खेळाडू मोठा असेल तर तो थांबल्यावर त्याचा नंबर कायमचा रिटायर करतात. त्या नंबरचा शर्ट पुन्हा कोणी घालायचा नाही!

*

मोघ्यांनी आसपासच्या मराठी पुरुषांचा रविवारचा संघ काढला आणि हीच पद्धत लावली. पहिला मान साठ्यांना. साठे तांजोंग पगार भागातल्या बँकेत, बॅटिंगला सगळ्यांत तगडे. ते कायमचे पुण्याला निघाले तेव्हा त्यांचा सात नंबरचा शर्ट फ्रेम करून मोघ्यांच्या भिंतीवर लागला. श्रीखंड झालं, साठे रडले.

आणि थोड्याच महिन्यांत परत आले! पुणं मानवलं नाही, जुनी नोकरी मिळाली. बॅट घेऊन ग्राउंडवर हजर.

"माझा शर्ट?"

"भिंतीवर आहे. सात नंबर आता कोणीच घालायचा नाही."

"अहो मोघे, तो सात नंबर म्हणजे मीच ना!"

"म्हणून तर तुम्ही मुळीच नाही!"

दुसरा नंबर घ्यायला साठे तयार होईनात. संघातला सगळ्यांत तगडा माणूस साध्या बनियनवर लिंबू सरबत वाटत फिरायला लागला.

*

भिंतीवर जायची हौस सगळ्यांनाच. आमच्या ह्यांचे गुडघे अचानक दुखायला लागले. "म्हणतो, आता रिटायर व्हावं."

मोघे म्हणाले, "व्हा की! आधी एकदा बॅटला बॉल लागू दे!"

*

मग ते मंदीचं वर्ष आलं. मोघ्यांची नोकरी गेली. नोकरीबरोबर इथे राहायचा पास गेला, नागपूरला परतायचं ठरलं. कपडे वाळत घालताना त्यांची बायको वैदेही हळूच म्हणाली, "सुमनताई, नोकरीचं काही बोलत नाहीत. पण स्वतःचा चार नंबरचा शर्ट रोज इस्त्री करतात."

आतून लेकीचा आवाज आला, "बाबा, जस्ट आस्क देम लाह!"

"असा मान मागतात का कुणी!" मोघे ओरडले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

संघाची मीटिंग आमच्या हॉलमध्ये झाली, मोघ्यांना न बोलावता. मी चहा घेऊन गेले, सगळे गप्प. चिवडा घेऊन गेले, पुन्हा गप्प! रात्रभर विचारलं, तर हे म्हणाले, "तू खिडकीत सांगशील."

*

मोघ्यांची शेवटची मॅच आंग मो किओ भागातल्या एका कंपनीच्या संघाशी. जिंकायला दोन रन हव्या, एकच आउट उरलेला, शेवटची बॅटिंग आणि पाळी मोघ्यांचीच. आदल्या दोन पाळ्यांत त्यांना बॉल दिसलाही नव्हता. सगळ्यांच्या नजरा साठ्यांकडे. मोघ्यांनी ते पाहिलं.

"साठे, तुम्ही जा."

अंपायर म्हणाला, शर्टावर नंबर नसेल तर खेळता येणार नाही. फ्रेममधला सात नंबर घरी भिंतीवर. मोघ्यांनी खाली बघत स्वतःचा शर्ट उतरवला आणि साठ्यांच्या हातात दिला. वैदेहीने माझा दंड घट्ट धरला.

साठे आत गेले. हुकला. पुन्हा हुकला. तिसराही हुकला, म्हणजे आउट! हरलो.

साठ्यांना मान वर करवेना. मोघे बनियनवर तसेच उभे. म्हणाले, "जाऊ द्या. सात नंबर आउट झाला नाही ना!"

*

चांगी एअरपोर्टवर सगळा संघ आला. मोघे प्रत्येकाच्या हातांकडे बघत होते. फ्रेम कोणाच्याच हातात नव्हती. सगळ्यांत शेवटी साठे आले, प्लास्टिकची पिशवी घेऊन. आत चार नंबरचा शर्ट. धुतलेला, इस्त्री केलेला. नुसता.

मोघ्यांनी तो उलटून पालटून पाहिला. शेवटी विचारलंच, "फ्रेम नाही केलात?"

"नाही. एकमताने ठरलंय. चार नंबर रिटायर करायचा नाही."

मी ह्यांना चिमटा काढायला हात उचलला होता, तेवढ्यात साठे म्हणाले, "परत आलात तर घालाल काय? माझ्यासारखं सरबत वाटत फिरायचंय?"

मोघ्यांनी कोटावरूनच शर्ट चढवला. मग खाली बसून हँडबॅग उघडली. टॉवेलात गुंडाळलेली सात नंबरची फ्रेम नागपूरला निघाली होती. ती त्यांनी साठ्यांच्या हातात ठेवली.

"काच जपून काढा. रविवारी मॅच आहे ना?"