तेवीस हिरवी रिळं

पासपोर्टकाकांनी एकतीस वर्षांत अख्ख्या वस्तीला एकच गोष्ट सांगितली होती. हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका. स्वतः माणूस असा हसरा की वाढलेल्या वीजबिलाकडे बघूनही हसायचा, आणि पोटापाण्याचा धंदा मात्र लोकांचं हसू बंद करण्याचा. रोज पन्नास-साठ रडके चेहरे टिपून माणसाचं काय होणार? काकांचं एवढंच झालं की त्यांना झाडांचं वेड लागलं. झाडाला हनुवटी नसते, आणि त्याला हसू नको म्हणून सांगावं लागत नाही.

दर रविवारी स्टुडिओला कुलूप लावून काका मेव्हण्याच्या गाडीतून जंगल गाठायचे. मेव्हणा गाडीतच डबा उघडायचा आणि काका चिखलात गुडघे टेकून शेवाळाचे फोटो काढायचे. संध्याकाळी दोघे परतायचे, एक जेवून आणि एक माखून.

आता काकूंविषयी. स्टुडिओला लागूनच काकूंचं दोरे-बटणांचं दुकान. मधल्या भिंतीला एक खिडकी होती, तिच्यातून नवरा-बायकोचा संसार आणि सुटे पैसे इकडून तिकडे जायचे. काकूंची नजर म्हणजे नजर होती. गिऱ्हाइकाने पिशवीतून कापडाचा कोपरा बाहेर काढला, की काकू मागे न बघता हात वर करून नेमकं रीळ काढायच्या. एकट्या हिरव्याची त्यांच्याकडे तेवीस रिळं होती, आणि प्रत्येकाला त्यांनी घरचं नाव ठेवलं होतं. पोपटी, शेवाळी, पिस्ता असे सभ्य हिरवे होतेच, पण 'शाळेच्या फाटकाचा', 'खोकल्याच्या बाटलीचा' आणि 'धाकट्या आत्याच्या सोफ्याचा' असेही होते. आसपासचे शिंपी त्या नावांनीच रिळं मागायचे. आत्याला हे कधी कळलं नाही, ते एक बरं झालं.

तर अशी ही बाई काकांचा जंगलाचा फोटो हातात घ्यायची, बटण पाहतात तेवढाच वेळ पाहायची आणि म्हणायची, "छान आहे." काकूंच्या तोंडी 'छान आहे' याचा अर्थ 'पुढचं गिऱ्हाईक कोण' असा होतो, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. बक्षीस नको, प्रदर्शन नको, बायकोने आपल्या एका तरी फोटोपाशी दोन मिनिटं थांबावं, एवढीच या गृहस्थाची इच्छा होती. एकतीस वर्षांत ती पुरी झाली नव्हती आणि ते त्यांना फार लागलं होतं.

मग दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या बाहेरची बसायची खोली नव्याने सजवत होत्या.

"काका, मला भिंतभर जंगल हवंय," त्या म्हणाल्या. "आतलं मशीन सुरू झालं की बाहेरचे पेशंट पळून जातात. जंगल बघत निदान बसून तरी राहतील."

"भिंतभर म्हणजे केवढं?"

"बारा फूट रुंद, आठ फूट उंच. पाच आठवड्यांत मिळालं पाहिजे. नाहीतर मी समुद्राचा तयार कागद चिकटवते."

समुद्राचं नाव ऐकून काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी जागच्या जागी होकार दिला. एवढ्या मोठ्या भिंतीपाशी तर काकूंना थांबावंच लागेल, हा हिशेब त्यांनी मनात केला होता, पण तो बाईंना सांगण्यासारखा नव्हता.

पहिल्या रविवारी काकांनी रंगाचं काम कॅमेऱ्यावर सोपवलं. कॅमेरा हा पढतमूर्ख प्राणी असतो. चहूकडे हिरवंच हिरवं दिसलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटतं आणि तो गुपचूप त्यात गुलाबी ओततो. छापून आलेलं जंगल गालावर लाली घेऊन आलं.

काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला ताप आलाय."

दुसऱ्या वेळी काकांनी युक्ती केली. कॅमेऱ्याला एखादी राखाडी वस्तू दाखवून 'हे राखाडी आहे, यावरून बाकीचं समज' असं सांगता येतं. राखाडी काय होतं? मेव्हण्याची पँट. काकांनी मेव्हण्याला भर जंगलात पाठमोरं उभं केलं आणि त्याच्या पँटवरून कॅमेऱ्याला रंगाचा धडा दिला. मेव्हण्याच्या हातात डबा होता, त्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. या वेळचं जंगल पिवळं आलं, मुळापासून शेंड्यापर्यंत.

"आता कावीळ," काकू म्हणाल्या आणि बटणं मोजायला लागल्या.

तिसऱ्या खेपेला काकांनी जे केलं, ते काकूंच्या नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्य नव्हतं. शनिवारी दुकान बंद होताच त्यांनी तेवीसच्या तेवीस हिरवी रिळं मेव्हण्याच्या डब्यात भरली. डबा गेल्याचं मेव्हण्याला जास्त दुःख झालं. रविवारी पहाटेच जंगलात जाऊन काकांनी एकेक रीळ एकेका पानाला लावलं, रंग मिळाला की वहीत रिळाचा नंबर टिपला, आणि काकूंनी दुकान उघडण्याआधी रिळं फळीवर परत ठेवून दिली. मग निवांतपणे काकूंच्या दुकानातलं रंगांचं कार्ड उतरवलं. त्या कार्डावर प्रत्येक नंबरापुढे एकेक दोरा चिकटवलेला असतो. वहीतला नंबर बघायचा, कार्डावरचा दोरा बघायचा आणि त्याच्यासारखा फोटो करायचा. काका स्वतःवरच खूश झाले.

छापलेला नमुना डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर लावून पाहिला.

"काका, हे जंगल अशक्त दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येणारे पेशंट आधीच घाबरलेले असतात. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी खोली उघडायचीय. तोवर झालं तर बघा, नाहीतर समुद्र."

काका तोंड पाडून परतले, तर दारात काकू उभ्या. एका हातात पिस्ता, दुसऱ्या हातात शेवाळी.

"ही दोघं एकमेकांच्या जागी कशी बसली?"

काकांनी सगळं कबूल केलं. ताप, कावीळ, डबा, कार्ड, समुद्र. काकूंना चोरीचा राग आला नाही. त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

"रीळ लावलंत पानाला? अख्खं रीळ?"

"मग काय लावायचं?"

"अहो, रीळ नेहमी गडद दिसतं. दोऱ्यावर दोरा गुंडाळलेला असतो ना. एकेरी दोरा सोडला की तोच रंग फिका होतो. म्हणून दोरा सोडून कापडावर टाकायचा आणि मग ठरवायचं. तुम्ही रंग मिळवलात रिळाशी आणि फोटो केलात कार्डावरच्या एकेरी दोऱ्यासारखा. फिकाच येणार. एकतीस वर्षं शेजारी बसून एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

एकतीस वर्षं त्या खिडकीतून त्यांनी फक्त सुटे पैसे मागितले होते.

त्या रविवारी काकूंनी दुकान बंद ठेवलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. एक शिंपी तर घरी चौकशीला येऊन गेला की सगळे धडधाकट आहेत ना. काकू रिळांची पिशवी आणि कात्री घेऊन गाडीत पुढे बसल्या. मेव्हणा मागे गेला आणि गाडी काकांना चालवावी लागली, कारण मेव्हण्याला बहिणीशेजारी बसून खायची हिंमत नव्हती.

जंगलात उतरताच काकूंची नजर पहिली पडली ती भावाच्या पँटवर.

"याच पँटवरून रंग घेतलात? ही राखाडी कुठेय? निळसर आहे. मीच दोरा दिला होता शिंप्याला."

"ताई, मी राखाडी म्हणून घेतली होती," मेव्हणा हिरमुसून म्हणाला.

"तू काय, तू खाऊ म्हणून साबणही घेशील."

काकूंनी पिशवीतून अस्तराचा खरा राखाडी तुकडा काढून काकांना दिला. मग त्या खाली बसल्या. एकेक रीळ सोडत, वीतभर दोरा कापत, एक नेच्याच्या पानावर, एक शेवाळावर, एक वेलीवर असे दोरे टाकत निघाल्या. पानावर टाकलेला दोरा दिसेनासा झाला की मान हलवायच्या आणि काका वहीत नंबर लिहायचे. एवढ्यात ढग आले, बारीक थेंब पडायला लागले आणि ऊन गेलं. काकांनी लेन्सवरची काळी काच फिरवली, तशी ओल्या पानांवरची पांढरी चमक निघून गेली आणि आतला रंग वर आला.

"अगं, बाजूला हो, हीच वेळ आहे."

काकू बाजूला झाल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्या समोर पाहत उभ्या होत्या.

"माझ्याकडे तेवीसच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "इथे मोजता येत नाहीत इतके आहेत. तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

दर रविवारी सांगत होतो, असं काकांच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. त्यांनी काकूंना दंडाला धरून हलकेच मागे घेतलं आणि फोटो काढला. तेवढ्यात सर जोरात आली. काकूंनी घाईघाईने दोरे गोळा केले आणि सगळे गाडीकडे पळाले.

पुढचे तीन दिवस छापलेला प्रत्येक नमुना दुकानाच्या पायरीवर यायचा. ट्यूबलाइटखाली काकू रंग बघायच्याच नाहीत, म्हणायच्या ट्यूबखाली सगळंच जुळतं. दुपारच्या उजेडात दोरे नमुन्यावर टाकले जायचे. "नेचा तांबूस झालाय." "वेल चालेल." "हे शेवाळ कोणी धुतलं?" काका आत-बाहेर करून घामाघूम झाले, गिऱ्हाइकं हनुवटी खाली घालून ताटकळत राहिली. चौथ्या दिवशी काकूंनी तेवीस नंबर एकेक करून तपासले आणि कात्री ठेवून दिली. काकांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी जंगल भिंतीवर चढलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, समुद्र दुकानदाराकडे परत गेला. काकू मात्र उद्घाटनाला आल्या, पेढ्याएवढा वेळ थांबल्या आणि शिंपी खोळंबलाय म्हणून निघून गेल्या. काका उदास झाले. एवढी मोठी भिंत, तीही बटणाच्या मापाने गेली.

दहा दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"काका, काकूंचा दात दुखतोय का? रोज चार वाजता येऊन पंधरा मिनिटं बसतात. आत चला म्हटलं तर नको म्हणतात. लोकांना वाटतं नंबर त्यांचाच आहे, पुढे कोणी सरकतच नाही."

काकांनी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला 'हसा हवं तर' असं सांगितलं आणि तसेच धावत सुटले. खोलीत काकू अगदी पुढच्या खुर्चीवर, चष्मा नाकावर ओढून, भिंतीला जवळजवळ टेकून बसल्या होत्या.

"काय करतेस इथे?"

"दोरे तेवीस टाकले होते," काकू मान न वळवता म्हणाल्या. "पावसात गोळा करताना बावीसच सापडले. ते बावीस इथे भिंतीवरही सापडले. तेविसावा फोटो काढताना पानावरच होता. म्हणजे तो इथेच कुठेतरी आहे. दहा दिवस झाले, मला सापडत नाहीये."

"तुला सापडत नाहीये?"

"नाही ना."

काकांना भारी आनंद झाला. ते शेजारच्या खुर्चीवर बसले. आतून मशीनचा आवाज आला, मागे कोणीतरी खोकलं, बाईंनी दार उघडून पुढचा नंबर पुकारला. दोघांपैकी कोणीच उठलं नाही. काकूंनी पदराने चष्मा पुसला, काकांना उजवी बाजू वाटून दिली आणि डावीकडच्या पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.