डाव्या डोळ्याचा थाट

यवतमाळजवळ लोहाऱ्यात मी घरीच ब्लाउज शिवते. सुईत दोरा ओवायला त्रास व्हायला लागला म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि डाव्या डोळ्यात काचबिंदू घेऊन घरी आले. डोळ्यातला दाब वाढला होता म्हणे. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, त्यामुळे माझा विश्वासच बसेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार न दुखवता नजर खातो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली आपण राखायची. रोज झोपताना डाव्या डोळ्यात एक थेंब. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करायचं नाही."

एक थेंब! ऐकायला किती सोपं. आमचे हे मोठ्या उत्साहाने बाटली घेऊन उभे राहायचे, आणि थेंब माझ्या कपाळावर, नाकावर, कानात, उशीवर, सगळीकडे पडायचा. डोळा तेवढा कोरडा.

"तुम्ही कपाशीवर फवारून राह्यले काय?" मी वैतागून विचारायचे.

"थेंब दिसला का तू डोया मिटून घेतं, त मी काय करू?" हे बाटली आपटायचे.

शेवटी आम्हा दोघांची वरात पुन्हा दवाखान्यात. बाईंनी मला आरशासमोर बसवलं आणि माझ्याकडूनच करून घेतलं. आधी हात धुवायचे. मान मागे टाकून खालची पापणी हलकेच ओढली की तिथे छोटासा खिसा तयार होतो, थेंब त्यात सोडायचा. बाटलीचं टोक कशालाच लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने एकदोन मिनिटं दाबून धरायचा, आणि बाहेर ओघळलेलं पुसून टाकायचं. खिसा म्हटल्यावर मला लगेच समजलं. जन्मभर तेच तर शिवत आले.

थेंब जमला आणि काही महिन्यांनी वेगळीच मजा सुरू झाली. डाव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस वाढायला लागले. लांब, काळे, दाट, वर वळलेले! उजवा डोळा माझ्या वयाचा आणि डावा एखाद्या नटीचा. मापं द्यायला आलेली एक कॉलेजची पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

"काकू, मस्कारा एकाच डोयाले काहून लावला?"

मी लाजून बाईंना विचारलं, औषध बदलता येईल का? त्या हसल्या. "या औषधानं होतं असं. पापण्या लांब झाल्या तर चालेल, नजर आखूड व्हायला नको."

यातच माझ्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं, यवतमाळच्या एका हॉलमध्ये. तिची आई, म्हणजे माझी थोरली नणंद, खरेदीसाठी दोन दिवस आधीच पुसदहून आमच्याकडे आली. दारातच तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"काय वं, डोयाले काय लावून राह्यली तू?"

"काही नाही ताई, काचबिंदूचं औषध हाये."

"औषधानं कोणाचं रूप उजळते काय? सांगाचं नसन त नको सांगू."

दुपारी मी शेजारी ब्लाउज पोचवायला गेले. परत येऊन फ्रिज उघडला तर दारातली माझी बाटली आडवी पडलेली, आणि तिच्या पांढऱ्या टोकाला काजळ. मी काजळ लावत नाही. आमचे हेही लावत नाहीत.

"ताई!"

ताई दिवाणावर डोळे मिटून, अगदी समाधी लावल्यासारखी बसली होती. डोळे उघडले तर दोन्ही पळसासारखे फुललेले.

"आग होऊन राह्यली वं," ती बारीक आवाजात म्हणाली. "मी दोनी डोयात घातलं. चार-पाच थेंब. उरलेलं पापण्यायले चोयलं."

मला हसूही येईना आणि रागावताही येईना. स्वच्छ पाण्याने डोळे धुववले, दवाखान्यात फोन केला, आणि यांनी बहिणीला गाडीवर बसवून नेलं. मागून मी ऑटोने. बाईंनी डोळे तपासले, दाबही मोजला. सगळं ठीक निघालं. लाली एकदोन दिवसांत उतरेल म्हणाल्या. मग मात्र आवाज चढवला. "डोळ्याचं औषध ज्याचं त्यालाच. काही थेंबांनी दम्याच्या माणसाचा श्वास अडकतो, माहीत आहे? आणि ही बाटली फेका आता. टोकाला काजळ लागलं म्हणजे जंतूही गेले आत."

ताईने मान खाली घातली. तरी निघताना हळूच विचारलंच, "मॅडम, एवढ्यानं पापण्या वाढतीन काय?"

बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. रस्त्यातच ताईने मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून माझ्यासाठी नवी बाटली घेतली.

साक्षगंधाच्या दिवशी तिचे डोळे अजून गुलाबी होते. भाचीला अंगठी घातली आणि मुलाची आई गहिवरून ताईला म्हणाली, "किती रडल्या हो तुम्ही! लेकीवर लय जीव हाये. काळजी नका करू, आमी तिले लेकीसारखीच ठेवू."

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. हे उठून हॉलबाहेर गेले, काचेतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते. भाचीने मात्र ते खरंच मानलं आणि आईच्या गळ्यात पडून इतकी रडली, की मग ताईलाही खरोखरचं रडू फुटलं. पाठोपाठ मलाही.

तेव्हापासून ताईने माझ्या डोळ्याची जबाबदारी घेतलीय. रोज रात्री झोपायच्या वेळी पुसदहून फोन, आणि तोही नेमका मी डोळ्याचा कोपरा दाबून बसलेली असताना.

"टाकला काय थेंब?"

"टाकला ताई. डोया मिटून हावो."

"मंग बोलू नको, मीच बोलतो," असं म्हणून ती नव्या जावयाच्या घरचं सगळं सांगत बसते. मी ऐकत राहते.