आठ पेचांचा ढोल

ढोलाला कातडे कोणते घ्यावे आणि ते किती ताणावे, या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. प्रश्न साधा दिसतो. मीही तो बरीच वर्षे साधाच समजत होतो. वर्गात लांबी-रुंदी शिकवणाऱ्या माणसाला कोणतीही गोष्ट एकदा मोजली की संपली, असे वाटत असते. माझी ती समजूत ज्यांच्यामुळे गेली, त्यांना आमच्या गावात सगळे बाजामामा म्हणत.

नवा ढोल समोर आला तर मामा त्याला काठी लावत नसत. आधी गाल लावत. डोळे मिटून कातड्यावर गाल टेकवून बसत, आणि मग करंगळीच्या नखाने कडेजवळ आठ ठिकाणी टिचक्या मारत. त्यांच्या मोठ्या ढोलाच्या कडेला कातडे ताणणारे आठ पेच होते. प्रत्येक पेचाजवळ एकच सूर निघाला पाहिजे, हा त्यांचा नियम. एखादा पेच पिळला की त्याच्या शेजारच्याला हात लावायचा नाही, थेट समोरच्याकडे जायचे. "शेजाऱ्या-शेजाऱ्याला ताणलं की कातडं रुसतं, गुरुजी. समोरासमोरच्याला सारखं वागवा, मग ते खरं बोलतं." घाई कितीही असो, हा क्रम मोडताना मी त्यांना पाहिले नाही.

आमचे गाव शिरड शहापूरहून पायी तासाभराच्या अंतरावर. मामा आमच्या गावातल्याच एका खात्यापित्या शेतकरी घरातले. तरुणपणी घर सोडून सिकंदराबादला गेले आणि एका क्लबातल्या नाचाच्या बँडमध्ये ढोल वाजवू लागले. त्या संगीताला जाझ म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळले. एका गोवेकर उस्तादाने त्यांना ते शिकवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बँड मोडला, विलायती कातडी यायची थांबली, आणि मामा एक मोठा ढोल, खाली तारा लावलेला एक लहान ढोल आणि तडा गेलेली एक झांज घेऊन थोरल्या बहिणीकडे परत आले. तिला सगळे आक्का म्हणत. "चांगल्या घरात जल्मला आन् कातडे हुंगत फिरून राहिला," असे ती चारचौघांत म्हणे, आणि ढोल ओलीत राहू नये म्हणून स्वतःची पेटी हलवून त्याला कोरडी जागा देई.

दिवस बरे आले की सिकंदराबादला परत जायचे, हे मामांनी ठरवलेले होते. त्यासाठी साज पुरा करायला हवा होता. कळमनुरीच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर जाई. कातड्याच्या व्यापाऱ्याला ते चाचा म्हणत. मामा एकेक कातडे उजेडाकडे धरून पाहत. बकरीच्या पाठीच्या कण्याची रेघ ढोलाच्या बरोबर मधोमध आली पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ताणल्या जातात. पोटाचे कातडे सैल पडते, ते नको. लहान ढोलाला पातळ, मोठ्याला जाड. चाचा वैतागून म्हणत, "अजी मास्टर, बकरा देखरे की उसका गाना सुनरे?" मामा म्हणत, "दोनी देखरा, चाचा. जिंदा था तब तुम सुने, अब मेरी बारी." दोघेही हसत, आणि चाचा आतून जपून ठेवलेले कातडे काढून देत.

झांजेसाठी कासाराच्या दुकानात तीच तऱ्हा. काशाची चकती दोऱ्याला टांगायची, बोटाने हलकेच टिचकी मारायची, आणि आवाज पूर्ण विझेपर्यंत मी आकडे मोजायचे. "मोजा गुरुजी, घाई नका करू." पितळेची झांज त्यांना चालत नसे, कारण तिचा आवाज एकदम येतो आणि एकदम जातो. काशाचा आवाज पसरत, मंदावत जातो आणि त्यावर बाकीचे वादक चालू शकतात. शेवटी एक चकती त्यांनी कासाराकडून ठोकून पातळ करून घेतली. तिचा आवाज विझायला माझे बत्तीस आकडे लागले. मामा तेवढ्यावर दिवसभर खूश होते.

गावाला मात्र त्यांचे वाजवणे पटत नसे. मोठ्या ढोलात ते घोंगडी कोंबून ठेवत आणि कातडे सैल ठेवत, त्यामुळे आवाज जाड, दबका येई. एका लग्नात नवरीचा बाप म्हणाला, "काहून मामा, ढोल जेवला न्हाई का आज? पार औंढ्याला आयकू गेलं पायजे!" मामा शांतपणे म्हणाले, "औंढ्याचं वऱ्हाड हितंच हाय ना. मंग तिकडं कोनाला आयकवू?"

मग ते वाईट वर्ष आले. निजामाच्या राज्याचे काय होणार हे कोणाला ठाऊक नव्हते. आज या गावावर हत्यारबंद टोळी आली, उद्या त्या गावातली घरे जळाली, अशा बातम्या बाजारातून मिठाबरोबर घरी येऊ लागल्या. एका दुपारी घोड्यांवरून काही माणसे आमच्या गावात आली आणि गावातल्या दोन्ही हलग्या उचलून घेऊन गेली. गावाने इशारा देऊ नये, एवढ्यासाठीच. मामांचा ढोल पाहून त्यांच्यातला एक हसला. "ये तो साब लोगां का खिलौना है." ढोल राहिला. त्या दिवसापासून चाचाही बाजारात दिसले नाहीत. त्यांच्या दुकानाची फळी लावलेलीच राहिली.

पाटलांनी गाव जमवले. ओढ्यापलीकडचे रान सर्वांत लांब, आणि गाडीवाट त्याला लागूनच. टोळी आली तर तिथली माणसे प्रथम सापडणार. ठरले असे की गावालगतच्या टेकाडावर मामांनी ढोल घेऊन बसायचे, धूळ दिसली की वाजवायचा. रानातल्यांनी आवाज ऐकला की खूण म्हणून मचाणावर पांढरे धोतर उभारायचे, आणि त्यांनी व गावाने ओढ्याच्या घळीत उतरायचे. आक्काचे शेत त्याच रानात होते.

कातडे किती ताणावे हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा खराखुरा उभा राहिला. मोजण्याचे काम पाटलांनी माझ्यावर सोपवले आणि मी ते माझ्या पद्धतीने, चोख केले. ज्येष्ठाचा महिना होता. मामांनी एकदा सैल ढोल वाजवला, एकदा घोंगडी काढून खूप ताणलेला. मी पावले मोजत रानाकडे गेलो. ताणलेल्या ढोलाचा कडकडाट मचाणाच्याही पुढे ऐकू आला, सैल ढोलाचा आवाज ओढ्यापाशी पुसट झाला. मी ते आकडे वहीत लिहून पाटलांना दाखवले.

मामा म्हणाले, "तुमचं मोजमाप बराबर हाय, गुरुजी. पन रान आज उघडं हाय. पीक उभं राहू द्या, मंग आनखी एकडाव मोजा. बारीक आवाज पानापानात अडकतो. जाड आवाज भुईवरून चालतो."

मी म्हणालो, "मामा, अंतर तेच राहते. पिकाने अंतर वाढत नाही."

मग त्यांनी सिकंदराबादसाठी जपलेले कातडे उतरवले, बोकडाच्या पाठीचे जाड कातडे चढवले आणि आठही पेच माझ्या वहीप्रमाणे ताणले. मी पुन्हा मोजले नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. मी रोज शाळेत जाताना ती पाहत होतो.

भाद्रपदातली ती सकाळ कोरडी, कडक उन्हाची होती. कातडे उन्हाने आणखीच आवळले असणार. ढोल वाजू लागला तेव्हा मी शाळेतली मुले घेऊन घळीत उतरलो. आवाज तीक्ष्ण, वरच्या वर उडणारा होता. आमच्यामागून गावातली माणसे येत होती. रानाकडून कोणीच येत नव्हते. घळीच्या तोंडातून मचाण दिसत होते. त्यावर काही नव्हते.

मग ढोल थांबला.

पाटील म्हणाले, "गेला का काय मामा?" मी मोजू लागलो. सवयीनेच. टेकाडावर मामा काय करत असतील ते मला त्या क्षणी कळले: एक पेच, मग त्याच्या समोरचा, मग पुढचा. गाडीवाटेवरची धूळ आता घळीतूनही दिसत होती. माझे नव्वद आकडे झाले.

नव्वदानंतर जो आवाज आला, तो जाड, सैल, दबका होता. ज्याला गाव हसत असे तोच. थोड्याच वेळात मचाणावर धोतर चढले आणि ज्वारीतून आक्का, तिच्यामागे बायका, गडी, सगळे घळीत आले.

"कानानं न्हाई गुरुजी," आक्का धापा टाकत म्हणाली, "पायानं आयकलं. खुरपताना भुई धडधडली." मग तिने वर पाहिले. "धोतर पाहिलं असंल की त्यानं. मंग आजून काहून वाजवून राहिला?"

धूळ रानाला लागली होती. ती तिथे थांबली, आणि मग आवाजाच्या दिशेने टेकाडाकडे वळली. आक्काला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. काही वेळाने ढोल दुसऱ्यांदा थांबला.

संध्याकाळी आम्ही मामांना खाली आणले. ढोल फुटला नव्हता, एका बाजूला कलंडला होता. सगळे पुढे गेल्यावर मी मागे राहिलो आणि करंगळीच्या नखाने कडेजवळ आठ ठिकाणी टिचक्या मारल्या. आठही ठिकाणी एकच सूर होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत राज्य बदलले. ढोल आक्काने मला दिला. त्यात मी घोंगडी पुन्हा घातली आहे.

माझ्या वहीतले आकडे खोटे नव्हते, पण ते उघड्या रानाचे होते. म्हणून वाचकांना विनंती आहे की त्यांवर विसंबू नये, आणि मी इथे लिहिले आहे त्यावरही नाही. एक ढोल घ्या. तो ताणून आणि सैल करून, दोन्ही प्रकारे वाजवा आणि स्वतः चालत जाऊन ऐका. मात्र हे ज्वारी उभी असताना करा.