नट कुणी सैल ठेवला?

गाडीचे धक्के झेलणाऱ्या शॉकअबचा नट सैल ठेवला, असा आळ घालून गॅरेजमालकाने मिस्त्रीला चारचौघांत हाकललं होतं. नंतर वर्षभर त्याला कुणी दारात उभं केलं नाही.

आज तोच मालक आपली जुनी गाडी घेऊन मिस्त्रीच्या स्वतःच्या छोट्या गॅरेजात आला. शॉकअबच्या मूळ नळीत नवे, दणकट इन्सर्ट, म्हणजे आतले तयार दट्टे, बसवणारा दुसरा कुणी उरला नव्हता.

मिस्त्रीने नळ्या उघडल्या आणि पाना खाली ठेवला.

"शेठ, तेव्हा नट कुणी सैल ठेवला होता? मोठ्यानं सांगा."

गिऱ्हाइकं बघू लागली.

"माझ्या भाच्यानं," मालक घाम पुसत म्हणाला. "झालं समाधान?"

"एवढ्यात कुठलं!" मिस्त्रीने इन्सर्ट नळीत सोडले आणि पाना मालकाच्या हातात कोंबला. "आता नट तुम्हीच आवळा. सैल निघाला तर नाव तुमचंच."

मालक आवळत होता आणि मिस्त्री खुर्चीत बसून म्हणत होता, "अजून थोडा."