म्हातारीची गोळी आणि माझा मोगरा

मूर्खपणा केला की माणूस तो लपवतो. मीही लपवला असता, पण त्या दिवशी मेडिकलच्या दुकानात आठ-दहा माणसं होती आणि माझा फोन फार मोठ्याने बोलतो. अर्ध्या वसईला माहीत झालंच आहे, तर उरलेल्यांनी माझ्याच तोंडून ऐका. निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं असेल.

मी चौथी शिकलेला माणूस. चौथीत दोन वर्षं बसलो, म्हणून पाचवी म्हटलंत तरी माझी हरकत नाही. राजोडीच्या बाजूला आमची मोगऱ्याची वाडी आहे. सकाळी कळ्या खुडायच्या, केळीच्या पानात बांधायच्या, वर नावाची चिठ्ठी खोचायची, की टेम्पो दादरला घेऊन जातो. चिठ्ठी नसली तर माझा मोगरा तिकडे कोणाच्या नावावर विकला जाईल, देव जाणे. पण चिठ्ठीसाठी मी जन्मात वही विकत घेतली नाही. लग्नपत्रिका, कॅलेंडरचं पान, विजेचं बिल, मागची बाजू कोरी असली की झालं. कागद वाया घालवणारे लोक मला आवडत नाहीत.

तर आमच्या म्हातारीचं, म्हणजे बायकोचं, काळीज मध्येच ठोके चुकवायला लागलं. वसई ईस्टला, एव्हरशाईनमधल्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्याने रक्त पातळ करायची नवी गोळी लिहून दिली. म्हणाला, "उद्या सकाळपासून सुरू करा. खाडा नको." तपासण्यांनी म्हातारी दमली होती, म्हणून कागद घडी करून खिशात घातला आणि तिला घरी आणली.

दुसऱ्या दिवशी फुलांचा टेम्पो रवाना केला आणि तसाच आमच्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेलो. त्या माणसाला मी मानतो. तो कागद बघतच नाही. तोंड बघतो आणि गोळी देतो. ताप म्हणा, खोकला म्हणा, सून बोलत नाही म्हणा, त्याच्याकडे गोळी आहे. पण ही नव्हती. म्हणाला, "तात्या, ही तिकडे ईस्टलाच मिळेल."

ईस्टला गेलो. डॉक्टरच्या दवाखान्यासमोरच काचेचं दुकान, आत गारवा, गल्ल्यामागे चष्मा लावलेली एक पोरगी. तिने कागद घेतला. सरळ बघितला, उलटा बघितला, परत सरळ केला.

"काका, डोस कुठाय?"

"गोळीत असेल."

"तसं नाही. दिवसातून किती घ्यायच्या, किती दिवस, काहीच नाहीये. खाली सही नाही, शिक्का नाही. नुसतं गोळीचं नाव आहे."

"डॉक्टर मोठा आहे. घाईत राहिलं असेल. तुला वाचता येत नसेल तर मालकाला बोलव."

"मीच मालक आहे."

आता इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हटलं, "हे बघ, आधीच्या गोळ्या ती दोन घ्यायची. एक सकाळी, एक संध्याकाळी. हीपण तशीच दे. मी सांगतो ना. बायको माझी आहे."

"बायको तुमची आहे, पण गोळी माझ्या हातून जाणार आहे," ती म्हणाली. "ही रक्ताची गोळी आहे काका, अंदाजाने नाही देता येत. डॉक्टरांना फोन लावते. आणि हा कागद खाली असा—"

"कागदाचं सोड," मी म्हटलं. तिला पुढे बोलूच दिलं नाही. लक्षात ठेवा हे.

तिने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर पेशंटमध्ये होता, तासाभराने बोलेल म्हणाले. "बसा काका, स्टूल आहे."

"मी बसणार नाही."

माझ्या मागे पाचूबंदरची एक कोळीण उभी होती. मासे विकून आली होती, रिकामी पाटी काखेत, डोळ्यात घालायचं औषध हवं होतं तिला. ती म्हणाली, "ओ बाबा, बसत नाय तर सरा तरी. पानी प्या वाईच. तुमच्या रागानं माझी पाटी सुकली."

मी सरलो नाही. उलट दुकानाकडे तोंड केलं आणि भाषणच सुरू केलं. म्हटलं, डॉक्टर शिकतो वर्षानुवर्षं, त्याने लिहिलं की संपलं. यांचं काम काय, फळीवरून काढायचं आणि हातात द्यायचं. मी एवढी वर्षं मोगरा विकतो, कधी विचारलं का गिऱ्हाइकाला, गजरा कोण माळणार, किती वेळ माळणार, सही कुठाय? एका हाफपँटवाल्याने मान हलवली. मला आणखी जोर चढला.

तेवढ्यात फोन वाजला. मला ऐकू कमी येतं, म्हणून नातवाने फोन असा करून ठेवलाय की बोललेलं रस्त्यापलीकडे जातं. म्हातारी होती. "अहो, गोळी मिळाली का? परत छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतंय."

सगळं दुकान माझ्या फोनकडे वळलं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण घाबरलो की मी ओरडतो, ही माझी जुनी सवय. पोरीला म्हटलं, "ऐकलंस? तिला काही झालं तर याच पायरीवर आणून ठेवीन."

पोरीचा चेहरा उतरला. हात मात्र फळीकडे गेला नाही. फोनकडे वाकून तिने म्हातारीला विचारलं, "आजी, दम लागतोय का? छातीत दुखतंय का?" म्हातारी म्हणाली, तसं काही नाही गं, कालच्यासारखंच आहे. "मग पडून राहा. वाढलं तर लगेच दवाखान्यात या, मी काकांना गाडी करून देते." आणि माझ्याकडे बघून, "गोळी विचारल्याशिवाय देणार नाही."

मी तोंड उघडलं, आणि फोन परत वाजला. या वेळी दादरचा फुलवाला.

"तात्या, ही चिठ्ठी कसली लावलीत आज?"

"माझं नाव आहे ना तिच्यावर?"

"नाव एका बाजूला आहे हो. दुसऱ्या बाजूला लिहिलंय, सकाळी फक्त अर्धी, पंधरा दिवस. हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच कळवा. खाली डॉक्टरचा शिक्का आहे. तात्या, मोगऱ्यावर फवारलंत तरी काय? गिऱ्हाईक हात लावायला तयार नाही."

सगळ्या दुकानाने ऐकलं. सकाळी टेम्पोवाला हॉर्न मारत होता, मी खिशात हात घातला, मिळाला तो कागद फाडला, मागे नाव लिहिलं आणि खोचला. इतकं साधं.

कोळीण म्हणाली, "म्हंजे अर्धा डॉक्टर यांनी दादरला धाडला."

हाफपँटवाला माझ्यापासून दोन पावलं लांब झाला.

पोरगी हसली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं कागदाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. "हेच सांगत होते काका. खाली फाटलाय."

तिने फुलवाल्याकडून चिठ्ठीचा फोटो मागवला. मी म्हटलं, झालं, आता दे. तर नाही. डॉक्टरचा फोन येईपर्यंत थांबली, त्याच्या तोंडून ऐकलं, मला समोरच्या दवाखान्यात पिटाळून सहीशिक्क्याचा नवा कागद आणवला, तेव्हा कुठे फळीला हात लावला. पाकिटावर मोठा सूर्य काढला आणि त्याच्या खाली अर्धी गोळी.

मी दोन दे म्हणत होतो. दोन म्हणजे अर्धीच्या चौपट, हे चौथीवाल्यालाही कळतं. हळूच विचारलं, "दोन घेतल्या असत्या तर?"

ती म्हणाली, "काका, बसा."

या वेळी बसलो.

म्हातारी आता ठीक आहे. डॉक्टरचे कागद तिने पिठाच्या डब्याशेजारी कुलपात ठेवलेत, किल्ली तिच्या गळ्यात. दर पंधरा दिवसांनी कागद माझ्या हातात देते आणि मी दाराबाहेर पडेपर्यंत माझ्या खिशाकडे बघत राहते.

आणि ती पोरगी? मी पायरी चढलो की कागद हातात घेण्याआधी विचारते, "काका, मोगरा गेला का आज?"

परवा मी म्हटलं, "नाही गं, बहर संपला."

"मग द्या," म्हणाली. "पुरा असेल."