माझ्या नावावरचा टेबलक्लॉथ

सासूबाईंनी पेटीतून टेबलक्लॉथ काढला आणि उलगडून खिडकीकडे धरला. एका कोपऱ्यातल्या फुलात कसरीनं रुपयाएवढं भोक पाडलं होतं.

"रविवारी तुह्या पोराचे सोयरे येऊन राहिले," त्या म्हणाल्या. "हाच टाकाचा हाय टेबलावर. तूनंच भरला, आता तूच नीट कर. माह्या दोन्ही डोळ्याइचं ऑपरेशन झालं, मस्त दिसते आता. बसतो मी तुह्यापाशी पाहत."

टेबलक्लॉथ मी भरलेला नव्हता. चाळीस वर्षं अकोल्याच्या या घरात तो माझ्या हातचा म्हणून मिरवतो आहे, आणि मला साधा काजाचा टाका धड घालता येत नाही. तो भरला माझ्या थोरल्या बहिणीनं, अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या घरी. पांढरं मॅटीचं जाड कापड, कडेनं कटवर्क, चारी कोपऱ्यांत पाच पाकळ्यांचं फूल. तेव्हा आमच्याकडे टेबलही नव्हतं, आम्ही पाटावर जेवायचो. मला पाहायला पाहुणे येणार म्हणून शेजारच्या वकिलांचं टेबल दोघांनी उचलून आणलं आणि त्यावर ताईचं काम अंथरलं. सासूबाईंनी आधी मला नाही, कापड उलटं करून पाहिलं. मागची बाजू पुढच्याइतकीच साफ होती. "पोरीनंच भरला काय?" त्यांनी विचारलं, आणि आई "हो" म्हणाली. मी मान खाली घातली, तो लोकांना माझा विनय वाटला. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या अशा.

ताईच्या दोन्ही हातांवर कोड होतं, बोटांपासून मनगटापर्यंत. पाहुण्यांना ती दिसली असती तर ते चहाही न घेता उठले असते, म्हणून ती बाहेर आलीच नाही. सासूबाईंनी तिला पाहिलं ते थेट हळदीच्या दिवशी, आणि तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. ताईला कुणी मागणी घातली नाही. त्याच घरात ती भरतकामाचे क्लास घेते.

माझ्याबद्दल म्हणाल तर माझी भाजी खारट होते, तोंड फटकळ आहे, आणि सासूबाईंनी दोन्हींवर चाळीस वर्षं पांघरूण घातलं ते एकाच वाक्यानं: "पर हाताले कला हाय तिच्या." शेजारपाजारी, लग्नकार्यात, येईल त्याला सांगायच्या. आता ऐंशी ओलांडलेल्या त्या बाईसमोर मी खोटी ठरणार होते, आणि तेही सोयरे दारात येण्याच्या तोंडावर. टेबलक्लॉथ घराबाहेर नेऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. मी ताईला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "दोरा कोनता आनू?"

बुधवारी ती अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवरून गाडीनं आली. सासूबाईंना सांगितलं, सहज भेटायला आली आहे. बेत सोपा होता. जेवण झालं की त्या कूलर लावून दोन ते चार झोपतात, तेवढ्यात काम उरकायचं.

सव्वादोनला त्यांचा घोरण्याचा आवाज सुरू झाला. ताईनं कापडाला भरतकामाची रिंग लावली, भोकाच्या कडा कापल्या, मागून नव्या कापडाचा तुकडा धरला. मी दाराशी उभी राहून कूलरचा आवाज ऐकत होते. चार पाकळ्या झाल्या. ताई घाई करत नव्हती आणि मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं. मला वेळेची भीती, तिला टाक्याची फिकीर.

तीनच्या सुमारास लाईट गेली. कूलर बंद पडला आणि आतून खाट करकरली.

मी रिंग तिच्या हातातून ओढून माझ्या मांडीवर घेतली. सासूबाई पदरानं मान पुसत आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"कर नं. कावून थांबली?"

मी सुई खुपसली, दोरा ओढला. कापडाला चुणी पडली. दुसरा टाका त्याहून वाईट, तिसऱ्याला सुई बोटात गेली. सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. त्यांच्या कपाळावर एक एक आठी चढत होती.

"इकडे दे," ताई एकदम म्हणाली. "वाटोळं करून राहिली त्याचं."

तिनं माझे तिन्ही टाके उसवले आणि पाचवी पाकळी भरायला घेतली. माझं बिंग फुटलं तर फुटो, तिला तिच्या फुलावर तो टाका सहन होईना. सासूबाई तिच्या पांढऱ्या बोटांकडे बघत राहिल्या.

"हे तुह्यं काम व्हय?"

ताई टाके घालत राहिली. शेवटी मीच म्हणाले, "सगळं तिचंच आहे. पहिल्यापासून."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण सासूबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. ताईला म्हणाल्या, "मंग तवाच सांगाचं होतं नं माय. तुलेच मांगतली असती मी."

चाळीस वर्षांनी बोलायला काय जातं! माझ्या तोंडावर आलं होतं, मी गिळलं.

"मी आतच होती, मावशी," ताई मान वर न करता म्हणाली. "भाईरून कडी होती."

"कोनं लावली?"

"आईनं."

ती खोटं बोलत नव्हती, तिला तेच वाटत होतं. आई गेली तेव्हा ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही आणि आम्ही भावंडं तिला दगड म्हणालो होतो. मी तर मोठ्यानं म्हणाले होते.

आता गप्प बसणं सोपं होतं. सासूबाई रागावल्या नव्हत्या, फूल होत आलं होतं.

"आईनं नाही लावली, ताई," मी म्हणाले. "मी लावली."

सुई थांबली.

"काहून?"

"तू भाईर आली असती त ते वापस गेले असते. मले भेव वाटलं."

तिनं पाकळीकडे पाहिलं. अर्धी झाली होती. सुई तशीच कापडात टोचून तिनं रिंग टेबलावर ठेवली, चष्मा डबीत घातला, पिशवी उचलली. सासूबाई म्हणाल्या, चहा तरी घे. मी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले, काहीबाही बोलत होते, काय ते आता आठवत नाही. तिनं फाटकाची कडी स्वतः काढली.

"येतो" म्हणाली नाही. "जातो," म्हणाली.